पिस्तूल घरात आल्यानंतर



या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या सहकारी चळवळीवर व्हायचे आहे, आणि मध्ये आज पिस्तूल! चालकांचे पत्र हाती पडले तेव्हा पत्ता चुकला असावा अशीच आमची समजूत झाली. पण चालक घरी आले आणि म्हणाले, "परवाना कसा मिळवावा हे सांगणारे गावात रगड आहेत. तो मिळाल्यावर आणि पिस्तूल घरी आल्यावर काय करावे, हे सांगणारा एकही नाही." हे म्हणणे आम्हांस पटले. आम्ही गेली बावीस वर्षे रायफल क्लबात रविवारी सकाळी नवशिक्यांना नेमबाजी शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्यांत सराफ असतात, पेट्रोलपंपाचे मालक असतात, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी असतात, एखाद्या डॉक्टरीणबाईही असतात. परवान्यासाठी दोन-दोन वर्षे खेटे घालणारा माणूस पिस्तूल हाती आल्यावर ते शिकायला दोन तास काढत नाही, असा आमचा अनुभव आहे. आज बोलायचे आहे ते त्याच्याशी, आणि त्याच्याहूनही अधिक त्याच्या घरच्या मंडळींशी.

प्रथम हे हत्यार कोणते, ते पाहू. आपल्याकडे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. तो बोअर निषिद्ध वर्गात मोडतो. म्हणून परवानाधारक बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतो. इशापूरच्या सरकारी कारखान्याचे 'अशनी' पिस्तूल याच बोअरचे. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर विक्रीस आले, तेही याच बोअरचे. वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल अशी त्याची जाहिरात. .३२ च्या पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममधील एका कारखान्यासाठी घडवले. कोटाच्या खिशात मावणारे पिस्तूल तेव्हापासून सर्वत्र सुलभ झाले. अर्थात खिशातली हत्यारे त्याआधीही होतीच. १८६५ साली लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी तळहातात लपेल अशा पिस्तुलाची होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेच्या वेळी गांधीजींवर झाडल्या गेलेल्या तीन गोळ्याही कपड्यांत लपणाऱ्या बेरेटा पिस्तुलाच्याच होत्या. लहान हत्याराचा गुण म्हणजे ते दिसत नाही. त्याचा दोषही नेमका हाच आहे.

लहान म्हणजे सोपे, ही समजूत आधी टाकून द्यावी. दुकानात गिऱ्हाईक हाताने तोलून पाहते आणि म्हणते, "हे बरे, हलके आहे, सौभाग्यवतींनाही झेपेल." वस्तुस्थिती उलटी आहे. हत्यार जितके हलके, तितका त्याचा धक्का मनगटाला अधिक. मूठ आखूड असल्यामुळे करंगळी अधांतरी राहते. नळी आखूड असल्यामुळे पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर थोडे, आणि त्यामुळे हाताचा केसभर कंप निशाण्यावर वीतभर होऊन उमटतो. स्लाइड ओढायला जोर अधिक लागतो, आणि धरायला जागा थोडी. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या हातातले .२२ चे पिस्तूल आणि तुमच्या कमरेचे खिशातले पिस्तूल यांत सतार आणि एकतारी एवढे अंतर आहे. तरीही त्या वर्षानुवर्षे रोज सराव करत होत्या. तुम्ही वर्षातून कितीदा करता?

लपवून बाळगण्याविषयी लोकांच्या मनात एक गमतीचा गोंधळ आहे. अमेरिकेत हा मोठा वादाचा विषय. तेथे काही राज्यांत हत्यार उघडे नेता येते, काहींत झाकून नेण्यास वेगळा परवाना लागतो, काहींत लागत नाही, आणि २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा जुना कडक कायदा रद्द ठरवला. तिकडची पुस्तके वाचून आपल्याकडचा परवानाधारक विचारतो, "साहेब, झाकून नेले तर चालेल ना?" अहो, झाकूनच न्यायला हवे! २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते त्यासाठीच केलेल्या होल्स्टरमध्ये वा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. ते चारचौघांत परजणे निषिद्ध आहे. त्यापायी परवाना जाऊ शकतो. तेव्हा शर्टाचे टोक वर करून हॉटेलात बसणारे जे वीर आपण पाहतो, ते शौर्य दाखवीत नसून नियमभंग दाखवीत असतात. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कलमच आले: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कोठे तरी खाली येते, आणि ती कोणाच्या अंगणात येईल हे नवरदेवाच्या मामांना ठाऊक नसते.

आता मुख्य गोष्ट. येथे थोडा वेळ घेणार आहोत, कारण अपघात बहुतेक येथेच होतात.

पिस्तुलाच्या मुठीत खालून एक चपटी डबी सरकते. तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात आणि तळची स्प्रिंग त्यांना वर रेटत असते. नळीच्या मागच्या तोंडाशी एकाच काडतुसापुरते घर असते, ते चेंबर. वरचे पोलादी आवरण, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडली की ती पुढे जाताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलून चेंबरात बसवते. म्हणजे मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरातले काडतूस जागच्या जागीच राहते. पुष्कळ पिस्तुले मॅगझिन नसतानाही तेवढे एक काडतूस बिनतक्रार उडवतात. हातात मॅगझिन आले की माणसाला वाटते, पिस्तूल रिकामे झाले. त्याच क्षणी ते सर्वांत धोक्याचे झालेले असते.

म्हणून रिकामे करताना क्रम असा: नळी माणसांपासून दूर, जमिनीकडे; बोट चापाबाहेर; आधी मॅगझिन काढायचे; मग स्लाइड ओढून चेंबरातले काडतूस बाहेर पाडायचे; मग स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे. आता हा क्रम उलटला तर काय होते पाहा. आधी स्लाइड ओढली. चेंबरातले काडतूस टुणकन् बाहेर पडले. तुम्ही ते तळहातावर घेतले, समाधान झाले. पण मॅगझिन अजून आतच होते! स्लाइड पुढे जाताना तिने दुसरे काडतूस चेंबरात नेऊन बसवले. मग तुम्ही मॅगझिन काढले. एका हातात मॅगझिन, दुसऱ्या हातात बाहेर पडलेले काडतूस. दोन्ही पुरावे सांगतात की पिस्तूल रिकामे आहे, आणि दोन्ही खोटे.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी क्लबातून परतल्यावर, इतरांना हाच क्रम शिकवून आल्यावर, आम्ही घाईत तो उलटा केला. घरी पाहुणे यायचे होते, फोन वाजत होता. चाप ओढून घोडा उतरवायचा, या सवयीने आम्ही नळी समोरच्या कपाटाकडे केली आणि चाप ओढला. बंद खोलीतला तो आवाज ज्याने ऐकला त्यालाच कळेल. गोळी प्लायवूडच्या दारातून आत गेली. आमची आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. पाच-सात मिनिटांपूर्वी ती त्याच कपाटापुढे उभी राहून पाहुण्यांसाठी लुगडे काढत होती. ती स्वयंपाकघरातून आली, काही न बोलता दार उघडले आणि घड्या एकेक करून बाहेर काढू लागली. गोळी मागच्या शालीत अडकलेली सापडली. वाटेत एक जांभळी नऊवारी होती, नीट घडी घातलेली. ती आईने पलंगावर उलगडली. घडीतून आरपार गेलेली गोळी उलगडलेल्या लुगड्यावर किती जागी उमटते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. आईने बोट ठेवून मोजली: सतरा. मग आमच्याकडे पाहून तिने विचारले, "गोळी एकच होती ना रे?"

आम्ही स्वतः ठाण्यात जाऊन घडले ते लिहून दिले. ते लुगडे आईने टाकले नाही. जांभळा दोरा आणून सतराही भोके तिने रफू केली, आणि त्या वर्षीच्या गौरींना तेच नेसली. आमच्याशी ती त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. पण क्लबात 'आमचे तसे होणार नाही' असे कोणी म्हणाले की आम्हांस तो जांभळा दोरा आठवतो.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी यात आपली सुटका झाली असे समजू नये. त्याचे चक्र उघडले की काडतुसे समोर दिसतात, हे सोयीचे खरे. पण जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोड्याखाली काडतूस असेल आणि ते हातातून निसटून आपटले, तर ते उडू शकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईतील एका नामांकित चित्रपट अभिनेत्याच्या हातून परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात गेली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. जुने हत्यार असेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची चाल आहे, ती पाळावी. आणि कोणतेही हत्यार पडू लागले तर झेलायला जाऊ नये. पडू द्यावे. झेलणारे बोट नेमके चापावर जाते.

अमेरिकेत जेफ कूपर नावाचे एक लष्करी अधिकारी होऊन गेले, ते २००६ साली वारले. त्यांनी चार नियम प्रचारात आणले: प्रत्येक हत्यार भरलेलेच समजावे; जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी वळवू नये; नेम धरल्याखेरीज बोट चापावर नेऊ नये; निशाणा कोणता आणि त्याच्यामागे काय आहे हे जाणून असावे. यांपैकी कोणताही एक मोडला तरी उरलेले बहुधा माणसाला वाचवतात. आम्ही त्या रविवारी तीन मोडले होते.

आता ठेवायचे कोठे? उशीखाली नव्हे, देवघराच्या खणात नव्हे, लुगड्यांच्या घडीत तर नव्हेच. परवान्याच्या अर्जाबरोबर सुरक्षित वापराची आणि साठवणीची हमी तुम्ही लिहून दिलेली असते. ती कोणी वाचून सही करतो की नाही, याची आम्हांस शंका आहे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली पोलादी पेटी घ्यावी, पिस्तूल रिकामे करून तिच्यात ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ली स्वतःजवळ. 'मुलांना ठाऊक नाही' असे प्रत्येक बाप सांगतो. दिवाळीचा फराळ कोणत्या डब्यात आहे हे ज्या मुलांना ठाऊक असते, त्यांना पिस्तूल कोठे आहे हे ठाऊक नसेल? मुलांना ओरडून भिववूही नये. कुतूहल त्याने वाढते. त्यांना एवढेच शिकवावे की दुसऱ्याच्या घरीसुद्धा असे काही दिसले तर हात लावायचा नाही, तेथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रपूजा होते. आमचा तिला विरोध नाही, आम्हीही करतो. पण पाटावर ठेवायच्या आधी वरचा क्रम पुरा झाला पाहिजे, काडतुसे त्या खोलीतसुद्धा नकोत, आणि हळदकुंकू मुठीवर बोटभर लावावे, स्लाइडच्या फटीत शिंपडू नये. आणि पूजा झाल्यावर 'जरा बघू' म्हणणाऱ्या मेहुण्याला नमस्कार करून पिस्तूल पेटीत ठेवावे.

आता जे बोलायचे आहे ते या सभेत कोणाला आवडणार नाही. माणूस पिस्तूल घेतो ते दरोडेखोराच्या भीतीने. पण ते घरात येते तेव्हा घरच्या माणसांच्या सर्व वाईट दिवसांतही ते घरात असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कॅलिफोर्नियातील कोट्यवधी लोकांच्या नोंदी तपासून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आहे, आणि स्त्रियांत ते पस्तीसपट. आपला देश निराळा, आकडे निराळे असतील; मन मात्र तेच. धंदा बुडाला, मुलाचा निकाल लागला, आजारपण लांबले, नवराबायकोत बोलणे बंद झाले, कोणी रात्र-रात्र जागू लागले, तर पिस्तूल घरात ठेवू नये. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर पावती घेऊन ते जमा करता येते. त्याने कोणाची अब्रू जात नाही. आमच्या माहितीतल्या एका कुटुंबात सूनबाईंनीच पुढाकार घेऊन सासऱ्यांना राजी केले: "बाबा, तुम्हांला बरे वाटेपर्यंत ते दुकानात राहू दे. तुम्हांला कंटाळा आला तर मी पत्ते खेळायला बसेन." सासरे आज धडधाकट आहेत आणि, आम्ही ऐकतो त्याप्रमाणे, पत्त्यांत लबाडी करतात.

बाहेर नेण्याविषयी थोडक्यात. पँटच्या पट्ट्यात नुसते खोचू नये. सिनेमात ते शोभते, मांडीला शोभत नाही. चाप पूर्ण झाकणारे पक्के होल्स्टर हवे. पर्समध्ये न्यायचे तर तो कप्पा फक्त त्याचाच. किल्ली, पेन, लिपस्टिक चापाच्या कडीत शिरते. प्यायचे असेल त्या दिवशी पिस्तूल घरी, पेटीत. क्लबात काडतुसे नेण्याची बॅग प्रवासाला कधीही घेऊ नये. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेले एकच काडतूस सापडून ज्यांचे लग्नकार्य आणि विमान दोन्ही चुकले, असे लोक आम्ही पाहिले आहेत. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. आपण परगावी निघालो म्हणून पत्नीजवळ किंवा वॉचमनजवळ पिस्तूल देऊन जाणे हा गुन्हा आहे.

सराव महिन्यातून एकदा तरी करावा. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते आणि काडतुसे महागही आहेत. तेव्हा घरी खोटी काडतुसे घालून चाप ओढण्याचा सराव करतात. तो करताना खरी काडतुसे त्या खोलीत नसावीत. आमची ती जांभळी नऊवारी येथेही लागू पडते.

आणि वेळ आलीच तर? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात आत्मसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेप्रमाणेच आहे. जीव घेण्यापर्यंत तो जातो तो थोड्या प्रसंगांत: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, दरोडा, रात्रीची घरफोडी, असे काही. पोलिसांना बोलावण्याइतका वेळ असेल तेथे हा हक्क नाही, आणि गरजेहून अधिक इजा करण्याचा तर कधीच नाही. पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा माणूस आत्मसंरक्षण करत नसतो. दार बंद करून आत राहता येत असेल तर आत राहावे आणि ११२ ला फोन करावा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा थांबतो. पण एक चिठ्ठी आली आहे, नाव नाही. "वडील मागल्या महिन्यात वारले. त्यांच्या ट्रंकेत जुने रिव्हॉल्व्हर आहे, ते भरलेले आहे की नाही कळत नाही. भावाचे म्हणणे, वडिलांची आठवण म्हणून राहू द्यावे." वडिलांबरोबर त्यांचा परवाना संपला, आज ते हत्यार घरात विनापरवाना आहे. तेव्हा आज रात्री त्याला हात लावू नका, ट्रंकेला कुलूप घाला. उद्या सकाळी वडिलांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात जा, घरी माणूस पाठवायला सांगा आणि त्याने ते रिकामे करून जमा केल्याची पावती घ्या. भावाला ते हवेच असेल तर वारस म्हणून त्याला स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी सभा संपल्यावर भेटावे. ठाण्यात यायला आम्ही बरोबर येऊ.